पाचशे ग्रॅमचा ट्रिगर

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, म्हणजे आयएसएसएफच्या, नियमपुस्तकात पिस्तुलाच्या मुठीविषयी आणि आकाराविषयी बारीकसारीक अटी आहेत. मूठ मनगटावर चढता कामा नये, तळहाताच्या कडेला आधार देणारा भाग काटकोनापेक्षा कमी कोनात वर वळता कामा नये, एअर पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे आणि त्याचे वजन १५०० ग्रॅमच्या वर जाता कामा नये, असे सगळे त्यात लिहिलेले आहे. ट्रिगरविषयी मात्र हेच पुस्तक फार थोडे बोलते. दहा मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा आणि पंचवीस मीटरच्या प्रकारांत तो किमान १००० ग्रॅमचा असावा, एवढा आकडा देऊन आणि त्याच्या तपासणीची पद्धत सांगून नियम जवळपास थांबतो. ट्रिगरचे पाते किती रुंद असावे, ते किती मागेपुढे वा तिरके बसवावे, गोळी सुटण्यापूर्वी ते किती सरकावे आणि सुटल्यावर कुठे थांबावे, हे सारे नेमबाजाच्या बोटावर सोडलेले आहे. ट्रिगरमधील फेरफाराचे खरे कसब या मोकळ्या जागेत आहे. वजन उतरवण्यात ते नाही, आणि ज्या नवख्या नेमबाजाला ही गोष्ट पहिल्या वर्षातच उमगते त्याचे पुढचे बरेच हेलपाटे वाचतात.

परभणी जिल्ह्यातील जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावातून पिस्तूल नेमबाजीकडे वळणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक बाजू आहे. पुण्यातील बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलाची रेंज, जिथे २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेची नेमबाजी झाली, ती येथून रात्रभराच्या प्रवासावर आहे, आणि स्पर्धेच्या पिस्तुलांचा जाणकार कारागीर शोधायचा तर तोही पुण्या-मुंबईकडेच. गावात राहून सराव करायचा म्हणजे हाती येते ते दहा मीटरचे एअर पिस्तूल, कारण त्याला एखाद्या लांब हॉलइतकी बंदिस्त जागा पुरते आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंचापर्यंतच्या, म्हणजे ४.५ मिलिमीटर व्यासाच्या, आणि २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलातून सुमारे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १५० मीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडतो. हिशेब केला तर त्याची ऊर्जा सहा ज्यूलच्याही आत येते. हवेचे नळकांडे २०० बारपर्यंत भरण्यासाठी हातपंप चालतो. तेव्हा सरावाला आवश्यक ते सगळे गावात होऊ शकते. कारागीर मात्र गावात नसतो, आणि म्हणून आपल्या ट्रिगरचा प्रत्येक स्क्रू काय करतो हे नेमबाजाला स्वतःलाच ठाऊक असावे लागते.

या खेळाच्या भारतीय घडीत मराठी माणसाचे नाव अगदी पायाशी आहे, हेही येथे नोंदवायला हवे. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर, मूळचे कोकणातील आणि अहमदाबादेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा ही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी एक मुख्य पायरी मानली जाते, आणि राज्य स्पर्धेतून वर येणारा खेळाडू शस्त्रतपासणीच्या टेबलाशी पहिल्यांदा गांभीर्याने सामोरा जातो तो बहुधा अशाच स्पर्धांत. ५०० ग्रॅम हा आकडा तोवर त्याने पुस्तकात वाचलेला असतो. येथे तो लोखंडाच्या तुकड्याच्या रूपाने समोर येतो.

ट्रिगर ओढल्यावर काय घडते ते आधी समजून घेणे आवश्यक आहे. पिस्तूल सज्ज केले की ताणलेल्या स्प्रिंगच्या जोरावर पुढे झेपावू पाहणारा हॅमर, म्हणजे घोडा, एका लहानशा पोलादी खाचेने अडवून धरलेला असतो. या अडवणाऱ्या भागाला सिअर म्हणतात. ट्रिगर मागे येतो तसा तो सिअरला त्याच्या जागेवरून सरकवतो, दोन धारांमधील पकड मिलिमीटरच्या काही दशांशांवरून शून्यावर येते आणि हॅमर सुटतो. बारुदाच्या पिस्तुलात पुढे फायरिंग पिन काडतुसावर आदळते, तर हवेच्या पिस्तुलात हॅमर झडपेच्या दांड्यावर आपटून क्षणभर झडप उघडतो आणि दाबाखालची हवा छर्‍याला नळीतून ढकलते. हे सगळे काही मिलिसेकंदांत उरकते, परंतु तेवढ्या वेळातही आणि त्याच्या लगेच आधी बोटाने जे काही केलेले असते त्याचा हिशेब लक्ष्यावर उमटतोच.

तो हिशेब किती कठोर असतो हे आकड्यांनीच दाखवता येते. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यातील दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते, आणि छर्‍याची कड वर्तुळाला स्पर्श करून गेली तरी दहा गुण मिळतात, म्हणजे छर्‍याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून आठ मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साईटमधील अंतर ३२० मिलिमीटर धरले, तर दहा मीटर हे त्याच्या सुमारे ३१ पट होते. याचा अर्थ असा की मागच्या साईटच्या तुलनेत पुढची साईट ०.१ मिलिमीटरने, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीइतकी, बाजूला गेली तर छर्रा ३.१ मिलिमीटर बाजूला लागतो, आणि पाव मिलिमीटरहून थोडी अधिक गेली तर दहाचा नऊ होतो. आता एक किलोच्या आसपास वजन असलेले हे पिस्तूल एका हाताने, लांब केलेल्या हातावर तोललेले असताना त्याच हाताचे एक बोट ५०० ग्रॅमचा, म्हणजे पिस्तुलाच्या निम्म्या वजनाइतका, जोर मागे लावते. तो जोर नळीच्या रेषेत सरळ मागे असेल तर काही बिघडत नाही. पण बोट तिरके लागून जोराची दिशा दहा अंशांनी जरी कलली, तरी ५०० पैकी सुमारे ८७ ग्रॅम जोर पिस्तुलाला बाजूला ढकलू लागतो. उजव्या हाताच्या नवशिक्या नेमबाजाचे छर्रे डावीकडे खाली का गोळा होतात याचे उत्तर बहुतेक वेळा नजरेत सापडत नाही. ते या ८७ ग्रॅमांत असते.

म्हणून पहिला आणि सर्वांत उपयोगी फेरफार वजनाचा नसून जागेचा आहे. स्पर्धेच्या बहुतेक पिस्तुलांत ट्रिगरचे पाते एका छोट्या रुळावर मागेपुढे सरकवता येते आणि आपल्या अक्षाभोवती थोडे वळवताही येते. मूठ पक्की धरल्यावर तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग पात्यावर सपाट बसावा, बोटाचा बाकीचा भाग मुठीच्या लाकडाला न घासता हवेत मोकळा राहावा आणि दुसरे पेर नळीच्या रेषेला जवळपास समांतर असावे, अशी जागा शोधायची असते. लहान हाताच्या मुलीला मोठ्या मुठीचे पिस्तूल दिले तर तिचे बोट पात्यापर्यंत ओढून-ताणून पोहोचते आणि टोकाने ट्रिगर ओढू लागते. अशा वेळी पाते मागे घेणे किंवा मूठ तिच्या मापाची घेणे हा उपाय आहे, ट्रिगर हलका करणे हा नव्हे. नियमाला यातील कशाचेही वावडे नाही.

दुसरा प्रश्न वजनाच्या वाटणीचा आहे, आणि या प्रकरणाचा गाभा तोच आहे. स्पर्धेच्या पिस्तुलाचा ट्रिगर बहुधा दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात पाते काही मिलिमीटर सहज मागे येते आणि एका ठिकाणी अडल्यासारखे होते. या अडथळ्यावर आणखी थोडा जोर दिला की हॅमर सुटतो, तो दुसरा टप्पा. नियमाला दोन्ही मिळून ५०० ग्रॅम हवे असतात, कशात किती हे तो विचारत नाही. त्यामुळे पहिल्या टप्प्यात सुमारे ३५० ते ४०० ग्रॅम आणि दुसऱ्यात उरलेले शे-दीडशे ग्रॅम अशी वाटणी अनेक नेमबाज पसंत करतात. तिचा लाभ असा की साईट लक्ष्याखाली स्थिरावत असतानाच मोठा वाटा बोटाने उचललेला असतो, आणि निर्णायक क्षणी वाढवायचा जोर इतका थोडा राहतो की हाताच्या समतोलाला धक्का लागत नाही. ट्रिगर नियमात ५०० ग्रॅमचाच राहतो, पण बोटाला शेवटी जाणवतो तो शंभर-दीडशेचा. उलट, पहिला टप्पा अगदी हलका आणि दुसरा जड ठेवला तर अडथळ्याची भिंत स्पष्ट जाणवते, ज्या नेमबाजाचे बोट घाई करते त्याला तिचा आधारही वाटतो, परंतु ती भिंत ओलांडताना झटका बसण्याची शक्यता वाढते. कोणती वाटणी उत्तम याचे एकच उत्तर नाही. मात्र ज्याला ३५० आणि १५० मधील फरक बोटाने ओळखता येत नाही त्याने आठवड्याला वाटणी बदलत बसणे निरर्थक आहे, आणि तरुण नेमबाजांत हा रोग बराच आढळतो.

या वाटणीसाठी पिस्तुलात साधारणतः वेगवेगळे स्क्रू असतात: एक पहिल्या टप्प्याच्या स्प्रिंगचा ताण ठरवतो, एक दुसऱ्याचा, एक पहिल्या टप्प्यातील प्रवासाची लांबी, एक सिअरची पकड आणि एक ट्रिगरचा थांबा. शेवटचे दोन अधिक समजून घेण्यासारखे आहेत. हॅमर सुटला की बोटाला होणारा विरोध एकदम नाहीसा होतो, आणि थांबा नसेल तर जोरात असलेले बोट पात्यासकट मागे धावते व त्याचा हिसका पिस्तुलाला बसतो, तोही छर्रा अजून नळीत असताना. थांब्याचा स्क्रू हा अतिरिक्त प्रवास रोखतो. पण तो अगदी चिकटवून लावला तर सिअर पूर्ण सुटण्याआधीच पाते थांब्याला टेकते, कधी पिस्तूल उडते, कधी उडत नाही, आणि दिवसभराच्या उष्णतेने धातू किंचित फुगला की ही अनिश्चितता वाढते. म्हणून थांबा आधी टेकवून मग थोडा मागे घेण्याची रीत आहे.

सिअरची पकड हा सर्वांत नाजूक भाग. पकड कमी केली की ट्रिगर काच तडकावी तसा स्वच्छ सुटतो, आणि ही स्वच्छता नेमबाजाला इतकी आवडते की तो स्क्रू आणखी थोडा, आणखी थोडा फिरवत जातो. एका मर्यादेपलीकडे मात्र हॅमर खाचेच्या अगदी कडेवर लटकतो. मग पिस्तूल बंद करताना बसलेल्या धक्क्याने किंवा टेबलावर ठेवताना तो आपोआप सुटू शकतो. स्पर्धेत अशा छर्‍याचे गुण जातात, आणि रेंजवर कोणाचा तरी जीव धोक्यात येतो. काही अनुभवी नेमबाज पकड मुद्दाम थोडी अधिक ठेवतात, ज्याने दुसरा टप्पा भिंतीसारखा न लागता हलकेच सरकत जातो आणि सुटण्याचा नेमका क्षण नेमबाजालाही आधी कळत नाही. पंचवीस मीटरच्या जलद फेऱ्यांत या सरकत्या ट्रिगरचे विशेष मोल आहे. सिअरच्या धारा घरी कानशीने वा पॉलिश पेपरने घासण्याचा मोह मात्र कोणीही धरू नये, कारण त्या पोलादाचा कठीण थर पातळ असतो आणि तो एकदा गेला की ट्रिगरचे वजन महिन्यागणिक स्वतःच्या मनाने बदलत राहते.

वजन मोजण्याची नियमातील पद्धत वरवर साधी, पण विचारपूर्वक ठरवलेली आहे. स्प्रिंगचा काटा चालत नाही. खरेखुरे वजन लागते, आणि ते ट्रिगरला अडकवण्यासाठी धातूची किंवा रबराची धार असलेला आकडा असतो, गोल फिरणारी चाकी चालत नाही. वजन सपाट पृष्ठभागावर ठेवलेले असते, पिस्तुलाची नळी उभी, आकाशाकडे रोखलेली असते, आकडा पात्याच्या मध्याजवळ अडकवला जातो आणि पिस्तूल वर उचलले जाते. वजन पृष्ठभाग सोडून पूर्ण उचलले गेले आणि हॅमर सुटला नाही तर पिस्तूल उत्तीर्ण. यासाठी जास्तीत जास्त तीन प्रयत्न मिळतात, आणि हवेच्या पिस्तुलात हवेचा दाब कार्यरत असला पाहिजे, असेही नियम सांगतो. नळी उभी धरण्याचे कारण उघड आहे: ट्रिगर नळीच्या रेषेत मागे येतो, आणि वजनाची ओढ त्याच रेषेत पडावी.

आकडा पात्याच्या मध्याजवळ, हे शब्द वाचताना सहज नजरेआड होतात, पण त्यातच तरफेचे सगळे गणित आहे. ट्रिगरचे पाते वरच्या बाजूला एका खिळीवर फिरते. समजा मध्यबिंदू त्या खिळीपासून ३० मिलिमीटरवर आहे आणि तेथे ट्रिगर बरोबर ५०० ग्रॅमला सुटतो. तर त्याच पात्यावर तीन मिलिमीटर खाली, म्हणजे ३३ मिलिमीटरवर, तो सुमारे ४५५ ग्रॅमलाच सुटेल. नेमबाजाने बोट पात्याच्या खालच्या टोकाकडे ठेवले तर त्याला ट्रिगर हलका लागतो, आणि यात काहीही गैर नाही. पण घरी तपासताना आकडा वर सरकला आणि ५०० ग्रॅम आरामात उचलले गेले, तर तपासणीच्या टेबलावर तोच ट्रिगर सुटून जातो. पाते वळवल्यावर किंवा नवे, लांब पाते बसवल्यावर वजन पुन्हा मोजायचे असते ते याच कारणाने, आणि हा नियमातील फेरफाराचा असा भाग आहे ज्यात प्रामाणिक नेमबाजही नकळत अडकतो.

घरच्या तपासणीसाठी महागडे साधन लागतेच असे नाही. जिंतूरच्या बाजारात किराणा दुकानदाराच्या तागडीत वापरले जाणारे, वैधमापन विभागाचा ठसा असलेले अर्धा किलोचे लोखंडी माप मिळते. त्याला जाड तारेचा आकडा घट्ट बांधून, तारेचा वरचा भाग सपाट ठोकून धार दिली की कामचलाऊ परीक्षण-वजन तयार होते. तारेचे आठ-दहा ग्रॅम वर येतात ते उपकारकच, कारण नेमक्या ५०० वर लावलेला ट्रिगर म्हणजे कड्यावर उभा राहिलेला नेमबाज. दहा-वीस ग्रॅमची सूट ठेवणे शहाणपणाचे असते. तपासताना नळीत छर्रा नसल्याची खात्री दोनदा करावी, वजन झटक्याने न उचलता हळू उचलावे आणि एकदा उचलले गेले म्हणून न थांबता दहा-बारा वेळा पाहावे. दहा वेळांपैकी एकदा जरी ट्रिगर सुटला तर तो ट्रिगर स्पर्धेत नेण्याजोगा नाही.

ही सूट हवामानासाठीही ठेवायची असते. परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या बराच वर जातो, आणि हिवाळ्याच्या पहाटे परभणीच्या कृषी विद्यापीठात नोंदले जाणारे किमान तापमान मराठवाड्यातील सर्वांत कमी आकड्यांत असते. ट्रिगरच्या सांध्यांतील ग्रीस थंडीत घट्ट आणि उन्हात पातळ होते, काळ्या मातीची बारीक धूळ त्यात मिसळून लेप तयार करते, आणि डिसेंबरच्या सकाळी ५१० ग्रॅम भरलेला ट्रिगर मे महिन्यातील बंद हॉलमध्ये तेवढाच भरेल याची शाश्वती नसते. सांध्यांना थोडेच, पातळ तेल आणि वेळोवेळी कोरड्या ब्रशने सफाई, एवढी देखभाल पुरते. स्क्रू थरथराटाने सैल होतात, म्हणून त्यांच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढून ठेवली की स्क्रू फिरला आहे की नाही ते नजरेनेच कळते.

स्पर्धेपूर्वीच्या तपासणीत पिस्तूल उत्तीर्ण झाले म्हणजे प्रकरण मिटत नाही. किमान वजन संपूर्ण स्पर्धाभर टिकले पाहिजे, आणि शेवटची फेरी संपताच चिठ्ठीने निवडलेल्या खेळाडूंची पिस्तुले पुन्हा तपासली जातात. त्या वेळी वजन उचलले गेले नाही, किंवा खेळाडूने तपासणीस नकार दिला, तर तो थेट अपात्र ठरतो. आधीचे साठ छर्रे कितीही चांगले लागले असोत. हा नियम कठोर वाटतो, पण योग्य आहे. ट्रिगर मध्येच हलका करण्याची सोय प्रत्येक पिस्तुलात एका स्क्रूच्या अर्ध्या फेऱ्याइतक्या अंतरावर असते, आणि प्रामाणिक खेळाडूचे संरक्षण करायचे तर शेवटची तपासणी आधीच्या तपासणीपेक्षा महत्त्वाची ठरते.

पंचवीस मीटर पिस्तुलात हा आकडा दुप्पट होतो आणि विषयाचा पोतच बदलतो. महिलांच्या या प्रकारात ०.२२ इंच व्यासाची काडतुसे वापरतात. ३० गोळ्या संथ, अचूकतेच्या फेरीत आणि ३० जलद फेरीत. जलद फेरीत लक्ष्य सात सेकंद नाहीसे असते आणि तीन सेकंद दिसते. हात ४५ अंशांच्या खाली धरून थांबायचे, लक्ष्य दिसताच वर उचलायचा आणि त्या तीन सेकंदांत एकच गोळी. एक किलोचा ट्रिगर लक्ष्यावर पोहोचल्यानंतर ओढायला घेतला तर वेळ पुरत नाही, म्हणून हात वर जात असतानाच पहिला टप्पा उचलला जातो आणि साईट काळ्या वर्तुळात शिरताना दुसरा टप्पा सरकू लागलेला असतो. त्यामुळे येथे ट्रिगरचा पहिला टप्पा थोडा लांब आणि अंदाज येण्याजोगा असणे वजनापेक्षाही मोलाचे ठरते.

या प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी जे केले ते मराठी वाचकाने लक्षात ठेवावे असे आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी पुण्याच्या अनिसा सय्यद यांच्यासह जोडीचे सुवर्ण जिंकले, २०१३ मध्ये चांगवॉन येथे विश्वचषकात सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय पिस्तूल नेमबाज ठरल्या, आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला नेमबाजही त्याच. जकार्ताच्या अंतिम फेरीत त्या आणि थायलंडच्या नफस्वान यांगपाइबून यांचे प्रत्येकी ३४ गुण झाले. बरोबरी फोडण्यासाठीच्या पहिल्या पाच गोळ्यांत दोघींचे चार-चार, आणि पुढच्या पाच गोळ्यांत सरनोबत यांचे तीन तर प्रतिस्पर्ध्याचे दोन. नाडीचे ठोके कानात ऐकू येत असताना एक किलोचा ट्रिगर प्रत्येक वेळी त्याच जागी, त्याच जोराला सुटणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरविषयी बरेच गैरसमज आहेत. स्वित्झर्लंडच्या मोरिनी कंपनीच्या प्रसिद्ध एअर पिस्तुलात पाते मागे आले की एक सूक्ष्म स्विच जोडला जातो आणि विद्युतचुंबक झडप उघडतो. हॅमर आणि सिअरची जोडी गेल्यामुळे झिजणारी धारच राहत नाही आणि हवा खर्च न करता कोरडा सराव करता येतो. असा ट्रिगर नियमात बसतो, मात्र त्याचे सर्व भाग पिस्तुलाच्या सांगाड्यात किंवा मुठीत पक्के बसवलेले असले पाहिजेत, तो नेमबाजाच्या हातानेच चालला पाहिजे आणि तपासणीच्या वेळी सर्व भाग जागेवर असले पाहिजेत. ५०० ग्रॅमची अट त्यालाही तशीच लागू आहे, कारण बोटाला जाणवणारे वजन तेथेही स्प्रिंगच ठरवते. टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी मनू भाकर यांचे पिस्तूल दहा मीटरच्या पात्रता फेरीत बिघडले तेव्हा पहिल्या बातम्यांनी दोष इलेक्ट्रॉनिक ट्रिगरला दिला. पिस्तूल प्रशिक्षक, मुंबईचे रौनक पंडित यांनी नंतर सांगितले की तुटला होता तो कॉकिंग लिव्हर, म्हणजे छर्रा भरताना उचलायचा दांडा. दुरुस्तीत पंधराहून अधिक मिनिटे गेली, भाकर ५७५ गुणांसह बाराव्या आल्या आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. ट्रिगरवर महिनोन्‌महिने मेहनत घेणारा नेमबाज बाकीच्या दांड्या-खिळ्यांकडे किती वेळा पाहतो, हा प्रश्न त्या दिवसाने उभा केला.

नियम बदलला की कारागिरीही बदलते, हे इतर प्रकारांत दिसते. पन्नास मीटर फ्री पिस्तुलात ट्रिगरच्या वजनाला मर्यादाच नव्हती, त्यामुळे तेथे नुसत्या स्पर्शाने सुटणारे ट्रिगर वापरले जात. हा प्रकार २०१६ च्या रिओ ऑलिंपिकनंतर ऑलिंपिकमधून गेला. पुरुषांच्या पंचवीस मीटर रॅपिड फायरमध्ये २००४ पर्यंत आखूड काडतुसांची खास पिस्तुले आणि अतिशय हलके ट्रिगर चालत, २००५ पासून तेथे नेहमीचे स्पोर्ट पिस्तूल आणि १००० ग्रॅम आले, आणि विजय कुमार यांचे २०१२ च्या लंडनचे रौप्य या नव्या नियमाखालचे आहे. आयपीएससी या १९७६ मध्ये स्थापन झालेल्या व्यावहारिक नेमबाजीच्या संघटनेने तिच्या प्रॉडक्शन विभागात निराळी वाट घेतली: तेथे वजनाच्या जोडीला सुट्या भागांवरही बंधन दीर्घकाळ राहिले आहे, म्हणजे भाग मूळ उत्पादकाचेच हवेत आणि कानस फिरवायची ती नवा भाग बसवण्यापुरतीच. एक नियम परिणाम मोजतो, दुसरा साधनावर नजर ठेवतो. नेमबाजाला अधिक स्वातंत्र्य आणि अधिक जबाबदारी देणारा नियम पहिला आहे.

काडतुसांच्या पिस्तुलांबाबत भारतीय कायद्याची सीमा मात्र स्पष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार अग्निशस्त्राची निर्मिती, विक्री, दुरुस्ती वा रूपांतर हा परवानाधारकाचा व्यवसाय आहे. उत्पादकाने दिलेले स्क्रू पुस्तिकेप्रमाणे फिरवणे आणि सिअर बदलणे किंवा घासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरे काम परवाना असलेल्या कारागिराकडेच न्यायचे असते, त्यासाठी पुण्या-मुंबईपर्यंत जावे लागले तरी.

गावाकडे बरीच एअर पिस्तुले वापरलेलीच विकत घेतली जातात, आणि अशा पिस्तुलाबरोबर आधीच्या मालकाचे बोटही येते: त्याची वाटणी, त्याचा थांबा, कधी त्याने घासलेला सिअर. असे पिस्तूल हाती आले की छर्रा न भरता ते वीस-पंचवीस वेळा कोरडे उडवून पाहावे, बंद करताना आणि हलक्या हाताने टिचकी मारताना हॅमर आपोआप सुटत नाही ना हे तपासावे, मग पुस्तिकेत दिलेल्या मूळ मापांवर सर्व स्क्रू आणावेत आणि तेथून पुढे एका वेळी एकच स्क्रू, तोही पाव फेऱ्याहून अधिक नाही, बदलत जावा. प्रत्येक बदलाची तारीख, स्क्रू, फेरा, मोजलेले वजन आणि त्यानंतरच्या साठ छर्‍यांचा गट एका वहीत लिहिला, तर दोन महिन्यांत त्या वहीवरून कोणता बदल ठेवायचा आणि कोणता मागे घ्यायचा हे ठरवता येते, आणि पिस्तूल पुढे दुसऱ्या कोणाला विकायचे झाले तर ती वहीही त्याच्याबरोबर द्यावी.